आनंदाचं एकक: तैत्तिरीय उपनिषदातला एक हिशेब



आजचं वाचन: तैत्तिरीय उपनिषद, ब्रह्मानंदवल्ली, आठवा अनुवाक.

"खरं सुख कशात आहे?" असा प्रश्न आला की आपल्याकडे उत्तरं तयार असतात. समाधानात आहे, घरच्यांच्या सहवासात आहे, भगवंताच्या नामात आहे. उत्तरं सगळी खरी आहेत, पण सोमवारी सकाळी ट्रॅफिकमध्ये अडकलेल्या माणसाला ती फारशी हाती लागत नाहीत. तैत्तिरीय उपनिषदातले ऋषी वेगळ्या वाटेने जातात. ते सुखाची स्तुती करत नाहीत, सरळ मोजायला बसतात. आधी एकक ठरवतात, मग त्याच्या पटीत पुढे जातात. आपल्यासारख्या एक्सेल शीट भरणाऱ्या माणसांना ही पद्धत लगेच ओळखीची वाटेल.

थोडा संदर्भ

तैत्तिरीय उपनिषद कृष्ण यजुर्वेदाचं. त्याचे तीन भाग आहेत: शीक्षावल्ली, ब्रह्मानंदवल्ली आणि भृगुवल्ली. आपण ज्या पंचकोशांबद्दल ऐकतो (अन्नमय, प्राणमय, मनोमय, विज्ञानमय, आनंदमय), ते दुसऱ्या वल्लीत येतात. शरीरापासून सुरुवात करून एकेक पदर आत जात ऋषी आनंदापर्यंत पोचतात. आणि तिथे पोचल्यावर आठव्या अनुवाकात म्हणतात की आता या आनंदाची नीट मीमांसा करू. मीमांसा म्हणजे कसून केलेला विचार. भावनेच्या भरात बोलणं इथे नाही.

एकक कसं ठरवलं

ऋषी म्हणतात, एक तरुण कल्पा. नुसता वयाने तरुण नाही, स्वभावानेही चांगला. शिकलेला. चपळ, धडधाकट, बळकट. आणि या तरुणाच्या मालकीची सगळी पृथ्वी आहे, धनधान्याने भरलेली. अशा माणसाला जेवढा आनंद होईल, तो 1 मानुष आनंद. हे आपलं एकक.

इथे जरा थांबू या. उपनिषद म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे सगळं सोडून रानात निघालेला माणूस येतो. पण इथल्या मोजणीची सुरुवात बघा. तरुणपण, शिक्षण, तब्येत, चारित्र्य, पैसा, यातलं काहीही ऋषींनी तुच्छ मानलेलं नाही. "पैशात काय ठेवलंय" असं ते म्हणत नाहीत. उलट पैशात जेवढं सुख असू शकतं तेवढं सगळं मान्य करून, त्यालाच ते मोजपट्टी बनवतात.

दुसरी गोष्ट म्हणजे हे एकक फार मोठं आहे. सगळी पृथ्वी! आपलं पॅकेज, टू बीएचके, वर्षातून एकदाची परदेशवारी, हे सगळं मिळून त्या एककाचा किती छोटा अपूर्णांक होईल याचा हिशेब करून बघा. आणि तो तरुणही शिडीच्या अगदी खालच्या पायरीवर उभा आहे.

शंभर पटीची शिडी

आता पुढची पायरी. असे 100 मानुष आनंद म्हणजे मनुष्यगंधर्वांचा 1 आनंद. त्याचे 100 म्हणजे देवगंधर्वांचा 1. मग पितर, मग आजानज देव, मग कर्मदेव, मग देव, मग इंद्र, मग बृहस्पती, मग प्रजापती आणि शेवटी ब्रह्म. एकेका पायरीवर 100 पट.

पायऱ्या मोजल्या तर गुणाकार 10 वेळा होतो. म्हणजे ब्रह्मानंद हा मानुष आनंदाच्या 1 वर 20 शून्य इतक्या पट. ऋषींना हा आकडा पाठ करून घ्यायचा नाही हे उघड आहे. तुम्ही ज्याला सुखाचा कळस समजता तिथून कुठे मोजायला सुरुवात होते, एवढंच त्यांना दाखवायचं आहे.

पण ही नुसती शिडी असती तर मला तिचा धाक वाटला असता. गंधर्व, पितर, इंद्र... यात माझा नंबर कधी लागणार? प्रमोशनच्या रांगेसारखीच ही अजून एक रांग. वरच्या प्रत्येकाकडे माझ्यापेक्षा 100 पट जास्त, आणि मी मान वर करून बघतोय. लिंक्डइन उघडलं की जे होतं तेच.

या अनुवाकाचं मर्म पुढे आहे.

प्रत्येक पायरीवर तोच एक माणूस

मनुष्यगंधर्वांपासून पुढे प्रत्येक पायरीवर ऋषी एक जोड देतात. एवढा आनंद गंधर्वांचा, आणि तेवढाच अकामहत श्रोत्रियाचा. एवढा इंद्राचा, आणि तेवढाच अकामहत श्रोत्रियाचा. ब्रह्मापर्यंत हीच जोड दर वेळी येते. शिडीवरचे लोक बदलत जातात, हा एक माणूस मात्र प्रत्येक पायरीवर आहे. आणि त्याला कुठल्याही स्वर्गात जावं लागलेलं नाही, तो इथेच आहे.

श्रोत्रिय म्हणजे ज्याने शास्त्र नीट ऐकलं, शिकलं आणि अंगी बाणवलं तो. अकामहत हा शब्द जास्त विचार करण्यासारखा आहे. मराठीत आपण "हताश" म्हणतो, म्हणजे ज्याची आशा मेली तो. "हतबल" म्हणजे ज्याचं बळ गेलं तो. तसा "कामहत" म्हणजे ज्याला कामनेने, इच्छेने मारलंय, जखमी केलंय तो. आणि अकामहत म्हणजे ज्याच्यावर इच्छेचा वार बसलेला नाही तो.

आणखी एक बारकावा बघा. पहिल्या पायरीवर, म्हणजे सगळी पृथ्वी मालकीची असलेल्या तरुणापाशी, ही जोड नाही. आदि शंकराचार्यांनी भाष्यात हे बरोबर टिपलंय. माणसाच्या भोगांची इच्छा ज्याला घायाळ करत नाही, त्याला त्या तरुणाच्या 100 पट आनंद असतो, म्हणून जोड दुसऱ्या पायरीपासून सुरू होते. आचार्य पुढे असंही सांगतात की ज्ञान आणि शुद्ध आचरण सगळ्या पायऱ्यांवर सारखंच धरलेलं आहे. फरक पडतो तो अकामहत असण्यात. इच्छेचा वार जितका कमी, तितका आनंद जास्त.

म्हणजे शिडी वरवर पाहता "कोणाकडे किती आहे" याची वाटते, पण आतून ती "कोणाला किती लागतंय" याची आहे. हे एकदा लक्षात आलं की अख्खा अनुवाक वेगळा वाचला जातो.

वस्तू मिळते तेव्हा नेमकं काय होतं?

हे पटायला आपला स्वतःचाच अनुभव पुरेसा आहे. याच वल्लीत थोडं आधी आनंदमय कोशाचं वर्णन एका पक्ष्याच्या रूपात येतं. प्रिय हे त्याचं डोकं, मोद उजवा पंख, प्रमोद डावा पंख, आनंद हे धड, आणि ब्रह्म हे त्याला तोलून धरणारं शेपूट. वेदांताच्या परंपरेत याचा अर्थ असा सांगतात: आवडती वस्तू दिसली की होतो तो प्रिय, ती मिळाली की मोद, ती उपभोगताना प्रमोद.

नवीन फोनचं उदाहरण घ्या. रिव्ह्यू बघताना जे होतं ते प्रिय. डिलिव्हरीवाला बेल वाजवतो तेव्हा मोद. पहिले चार दिवस हातात मिरवतो तो प्रमोद. आणि पाचव्या दिवशी? फोन तोच आहे, कॅमेरा तोच आहे, पण ते सुख कुठे गेलं? सुख फोनमध्ये असतं तर फोनबरोबर राहिलं असतं.

वेदांत म्हणतो, हवं-हवं करत मन सारखं बाहेर धावत होतं. वस्तू हाती आली आणि ते धावणं क्षणभर थांबलं. त्या थांबलेल्या मनात आतला आनंद उमटला, आणि आपण श्रेय दिलं फोनला. मग मनाने पुढची वस्तू धरली, धावणं सुरू, आनंद झाकला गेला.

यावर कोणी म्हणेल की ही शब्दांची कसरत झाली. मग गाढ झोपेचा विचार करा. बृहदारण्यक उपनिषदात याज्ञवल्क्य आणि राजा जनक यांच्या संवादात झोपेचा विचार येतो, आणि तिथेही आनंदाची अशीच एक शिडी आहे. गाढ झोपेत आपल्याकडे काय असतं? फोन नसतो, बँक बॅलन्स नसतो, पद नसतं, नातेवाईकही नसतात. तरी सकाळी उठून आपण म्हणतो, "काय मस्त झोप लागली!" एकही वस्तू नव्हती आणि सुख होतं. इतकंच की तिथे मागणंही नव्हतं.

झोपेत हे नकळत घडतं. जागेपणी, डोळे उघडे ठेवून, काम करताना ते घडावं यासाठी साधना.

मग इच्छाच करायची नाही का?

सत्संगात तरुण मुलं हा प्रश्न हमखास विचारतात, आणि तो रास्त आहे. इच्छा नसेल तर अभ्यास कोण करणार, घर कोण चालवणार?

उपनिषदाचा शब्द पुन्हा बघा. तो "अकाम" एवढ्यावर थांबत नाही, "अकामहत" म्हणतो. प्रश्न आहे घायाळ होण्याचा. गीतेच्या दुसऱ्या अध्यायात, 70 व्या श्लोकात, भगवंत समुद्राचा दृष्टांत देतात. नद्या समुद्रात येतच राहतात, समुद्र भरलेलाच असतो आणि मर्यादा सोडत नाही. तशा ज्याच्यात इच्छा येतात आणि तो ढळत नाही, त्याला शांती मिळते. नद्यांना बांध घालायला तिथे सांगितलेलं नाही. आणि सातव्या अध्यायाच्या 11 व्या श्लोकात तर भगवंत सांगतात की धर्माला सोडून नसलेली कामना हे माझंच रूप आहे.

व्यवहारात फरक असा दिसतो. अप्रेजलमध्ये चांगलं रेटिंग मिळावं ही इच्छा. ते मिळालं नाही म्हणून रात्री दीडपर्यंत शेजारच्या डेस्कवरच्याला किती मिळालं असेल याचा हिशेब करत बसणं, आणि सकाळी त्याचं "गुड मॉर्निंग" सुद्धा टोचणं, हा वार. इच्छा दोन्हीकडे आहे. एकीकडे ती आपल्या हातात आहे, दुसरीकडे आपण तिच्या हातात.

हे दुसऱ्याला ऐकवायचं शास्त्र नाही

इथे एक सावधगिरी सांगायलाच हवी, कारण या विचाराचा गैरवापर फार सोपा आहे.

माझ्या एका मित्राची नोकरी दोन वर्षांपूर्वी एका मेलने गेली. घराचा हप्ता चालू, मुलगी बालवाडीत, वडिलांचं डायलिसिस आठवड्यातून दोनदा. त्या दिवसांत त्याच्या व्हॉट्सअॅपवर सुविचारांचा पाऊस पडला. "जे होतं ते चांगल्यासाठी", "आसक्ती सोड, सुख आतच आहे." तो मला नंतर म्हणाला, "अरे, मला तेव्हा वैराग्य नको होतं, इंटरव्ह्यू हवा होता."

त्याचं चुकलं का? उपनिषदाच्या हिशेबाने अजिबात नाही. ज्या ऋषींनी मोजमाप करताना तब्येत, शिक्षण आणि धन यांचा आधी विचार केला, ते भुकेल्याला "तुझी इच्छाच तुझं दुःख आहे" असं सांगणार नाहीत. आणि याला पुरावा पुढच्याच वल्लीत आहे. भृगू आपले वडील वरुण यांच्याकडे ब्रह्म म्हणजे काय हे विचारायला जातो. वरुण त्याला तप करायला सांगतात. तो अन्नापासून सुरुवात करून प्राण, मन, विज्ञान असं करत शेवटी आनंद हेच ब्रह्म आहे इथे पोचतो. आणि एवढ्या उंचीवर पोचल्यावर लगेच उपनिषद कशाबद्दल बोलतं? अन्नाबद्दल! अन्नाची निंदा करू नये, अन्न टाकू नये, अन्न भरपूर पिकवावं, दारी आलेल्याला परत पाठवू नये, अशी व्रतं तिथे सांगितली आहेत.

आनंद सापडल्याची खूण कोणती, तर दाराशी आलेल्याला जेवायला मिळतं.

मित्राच्या बाबतीतही मदत झाली ती अशीच. दोघांनी आपापल्या ठिकाणी त्याचं नाव पुढे केलं. एकजण मंगळवार-शुक्रवार त्याच्या वडिलांबरोबर डायलिसिसला बसायला लागला, म्हणजे याला इंटरव्ह्यू देता यावेत. पाचेक महिन्यांनी त्याला नोकरी लागली, पगार आधीपेक्षा कमी. बऱ्याच दिवसांनी तो आपणहून बोलला: "संध्याकाळी हरिपाठाला बसायचो ना, तो अर्धा तास मागणं थांबायचं. बाहेर काहीच सुटलेलं नसायचं, तरी तो अर्धा तास मोकळा असायचा."

हे वाक्य मला अकामहत या शब्दावरचं भाष्यच वाटतं. पण ते तो स्वतःबद्दल बोलला म्हणून. हेच मी त्याला पहिल्या आठवड्यात ऐकवलं असतं, तर तो अजून एक वार झाला असता. शास्त्र आपल्या दुःखाला लावावं. दुसऱ्याच्या दुःखाला आधी हात लावावा.

पंढरीच्या वाटेवर

हा अनुवाक जिवंत बघायचा असेल तर आषाढात पालखीच्या वाटेवर उभं राहावं. आळंदी ते पंढरपूर सुमारे 250 किलोमीटर. पुणे, दिवे घाट, सासवड, जेजुरी, लोणंद, फलटण, माळशिरस असं करत माणसं उन्हापावसात चालतात. मुक्काम तंबूत, अंघोळ टँकरच्या पाण्याने, जेवण वाटेवरच्या गावांनी वाढलेलं.

आणि पंढरपुरात पोचल्यावर? एकादशीला दर्शनाची रांग इतकी लांब असते की कित्येक वारकऱ्यांना विठुरायाच्या पायांवर डोकं ठेवायला मिळतच नाही. ते चंद्रभागेत स्नान करतात, नामदेव पायरीला हात लावतात, मंदिराच्या कळसाकडे बघून हात जोडतात आणि घरी परततात. चेहऱ्यावर हुकल्याचा भाव नसतो. दर्शन झालं का असं विचारलं तर "झालं की!" म्हणतात.

आपल्या भाषेत सांगायचं तर एवढ्या मेहनतीनंतर मुख्य डिलिव्हरेबल मिळालंच नाही. तरी प्रोजेक्ट आनंदाचा! कारण वारी ही नवसाची नाही. काही मागायला ते निघालेलेच नसतात. बक्षीस शेवटच्या मुक्कामाला ठेवलेलं नसतं, ते पहिल्या पावलापासून बरोबर असतं. त्या आजीबाईंनी तैत्तिरीय वाचलेलं नसेल, पण शिडीवर त्या कुठल्या पायरीवर उभ्या आहेत हे ठरवायला मला जमणार नाही.

आजचा अभ्यास

वाचलेलं मुरावं म्हणून आज या तीन गोष्टी करून बघा.

1. आज एखादी हवी असलेली गोष्ट मिळेल: पार्सल, कौतुक, गरम चहा, वेळेवर आलेली लोकल. मिळाल्याबरोबर पुढच्या गोष्टीकडे जाऊ नका. एक मिनिट थांबा आणि बघा, मागणं थांबल्यावर मन कसं लागतं. ती शांतता त्या वस्तूची आहे की आधीपासून आत होती?

2. सध्या मनात घोळणारी एक इच्छा कागदावर लिहा आणि खाली एकच प्रश्न विचारा: मी हिला धरलंय, की हिने मला? उत्तर "हिने मला" असं आलं तर तिला लगेच हाकलायला जाऊ नका. त्या इच्छेसकट 10 मिनिटं नामस्मरणाला बसा. समुद्रात नदी आली तर येऊ दे.

3. ओळखीतला एक माणूस आठवा जो सध्या अडचणीत आहे. त्याला सुविचार पाठवू नका. फोन करा आणि काय लागतंय ते विचारा.

प्रार्थना

हे पांडुरंगा, कष्ट करायला हात दे आणि पोटापुरतं दे. इच्छा आल्या तर येऊ देत, पण त्यांचा घाव तुझ्या नामाने भरून निघू दे. आणि आम्हाला जो आनंद सापडेल, तो दाराशी आलेल्याच्या पानात वाढता येऊ दे.

उद्या भृगुवल्लीतली अन्नाची व्रतं सविस्तर वाचू. तोवर,

राम कृष्ण हरी!